कशावरून?

"चार ओळी पुरेत," प्राचार्य ढोबळे सर म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "सदरचा निबंध मी स्वतः लिहिलेला नाही. अमुक व्यक्तीने मला तो लिहून दिला. माझी चूक झाली, माफी असावी. खाली सही. झालं."

मी कागदाकडं बघत राहिले. बारावीचं वर्ष होतं, जानेवारी संपत आला होता. प्राचार्यांच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले होते. सरांच्या बाजूला नानासाहेब बसले होते. ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नगरपालिकेतही त्यांचाच शब्द चालायचा, गावात नवीन नळ कुठं बसवायचा तेसुद्धा त्यांच्या ओसरीवर ठरायचं. खिडकीपाशी मराठीच्या टिळेकर मॅडम उभ्या होत्या. आणि दाराजवळ माझे वडील, आप्पा. त्यांना शिपाई पाठवून दुकानातून बोलावून आणलं होतं. ते घरी जाऊन लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून आले होते. खोलीत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, पण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"लिही की बाई," आप्पा हळूच म्हणाले.

"मी लिहिलाय निबंध," मी म्हणाले. हे मी त्या खोलीत तिसऱ्यांदा म्हणत होते.

नानासाहेबांनी निबंधाची पानं बोटानं उडवली. "हे असलं? अहो ढोबळे, मी चाळीस वर्षं सार्वजनिक कामात आहे. मुद्देसूद लिहिणारा माणूस मला वासावरून कळतो. घरात कोण शिकलेलं आहे हिच्या? बाप मटण तोडतो. आणि पोरगी लिहिते, 'पालिकेच्या ठरावात गृहीत धरलेली गोष्ट पुराव्याला टिकत नाही.' कोण बोलतं असं? हे पोरीचं बोलणं नाही. हिच्या तोंडून दुसरंच कोणीतरी बोलतंय."

बाप मटण तोडतो, हे बापासमोरच बोलणं झालं होतं. मी आप्पांकडं पाहिलं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते जसे हसायचे, तसेच ते हसत होते.

*

निबंधाचं असं झालं होतं.

टिळेकर मॅडम त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याकडं आल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. तोवर आम्हाला मराठीचा तास म्हणजे धडा वाचायचा, स्वाध्याय उतरवायचा आणि निबंध पाठ करायचा एवढंच माहीत होतं. 'स्त्री ही अनंत काळची माता आहे' यानं सुरुवात केली की अर्धे गुण पक्के, अशी आमची समजूत होती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक परिच्छेद लिहायला सांगितला. विषय साधा, कॉलेजला गणवेश असावा की नसावा. मी लिहिलं, 'गणवेशामुळे शिस्त लागते हे सर्वांना माहीत आहे.' वही परत आली तेव्हा त्या वाक्यासमोर लाल शाईत एकच शब्द होता. 'कशावरून?'

सगळ्या वर्गाच्या वह्यांत तोच शब्द. कुणाच्या एका, कुणाच्या चार ठिकाणी.

"एका परिच्छेदात एकच म्हणणं," मॅडम फळ्यापाशी उभ्या राहून सांगायच्या. "ते पहिल्या वाक्यात सांगून टाका, लपवून ठेवू नका. मग त्याला आधार द्या. आधार म्हणजे तुम्हाला काय वाटतं ते नाही. तुम्ही काय पाहिलं, मोजलं, कुणाला विचारलं ते. मग जो तुमच्या विरुद्ध बोलणार आहे त्याचं म्हणणं स्वतःहून मांडा, आणि तेही त्याला पटेल असं मांडा. त्याला उत्तर द्या. शेवटी काय ठरलं ते सांगा आणि थांबा."

"मॅडम, मग सुविचार कुठं घालायचा?" एकानं विचारलं होतं.

"घालूच नको. सुविचार म्हणजे आधार नव्हे. भिंतीवर शोभतो तो."

वर्ग हसला. मला मात्र त्या रीतीचं वेडच लागलं. मी घरी कुणालाही विचारायला लागले. आई म्हणाली, शनिवारी नखं कापू नयेत, की मी म्हणायची, कशावरून? आप्पा म्हणाले, यंदा बकऱ्याचा भाव चढणार, की कशावरून? आप्पा वैतागून म्हणायचे, "पोरीला शाळेत घातलं का कोर्टात?" एक तेवढं मला वर्षभर जमलं नाही. 'म्हणून' हा शब्द मी कायम ऱ्हस्व णु काढून लिहायची. मॅडम तो लाल शाईनं दीर्घ करायच्या, आणि पुढच्या वेळी माझा पुन्हा ऱ्हस्व.

डिसेंबरात संस्थेनं निबंध स्पर्धा लावली. विषय होता, 'माझ्या गावातील एक बदल: हवा की नको'. मुलांनी रस्ते, झाडं, स्वच्छता असले विषय घेतले. मी घेतला कन्या शाळेचा. बाजारपेठेतली नगरपालिकेची मुलींची शाळा बंद करून ती हायवेपलीकडच्या मुलांच्या शाळेत मिसळायची, असा ठराव आला होता. पालिकेचं म्हणणं होतं, इमारत जुनी झाली, पलीकडं खोल्या रिकाम्या आहेत, अंतर फार नाही, मुलींचं काही नुकसान होणार नाही. माझी धाकटी बहीण चंदा बाजारपेठेतल्या त्याच शाळेत सहावीत होती.

'नुकसान होणार नाही' याच्यासमोर माझ्या मनात आपोआप लाल अक्षरं उमटली.

दुसरी एक कन्या शाळा काही वर्षांपूर्वी अशीच पलीकडं हलवली होती, हे मला आठवत होतं. माझ्या ओळखीची एक मुलगी तेव्हा घरी बसली होती. एक म्हणजे योगायोगही असेल. मग मी तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली शोधायला लागले. एकीकडून दुसरीचा पत्ता, दुसरीकडून तिसरीचा. संध्याकाळी आप्पांना दुकानात डबा पोचवायला निघायची आणि वाटेत एक घर करायची. सात जणी अशा निघाल्या की ज्यांनी शाळा हलली त्याच वर्षी शाळा सोडली. एकीचं लग्न होऊन दोन लेकरं झाली होती. एक शिवणकाम करत होती. एकीची आई म्हणाली, "हायवे ओलांडून पोरगी पाठवायची कुणाच्या जिवावर? पोरगा असता तर गेला असता." दोघी जणी पलीकडच्या शाळेत टिकल्या होत्या. त्याही मी लिहिल्या. त्या का टिकल्या तेही लिहिलं, एकीचे वडील तिथंच शिपाई होते आणि दुसरीला भाऊ सायकलवरून सोडायचा. इमारत जुनी आहे हे खरं, असंही लिहिलं, आणि छप्पर दुरुस्तीला काय लागतं ते गवंड्याला विचारून लिहिलं.

निबंध दिला तेव्हा मॅडमनी तो तिथंच उभ्यानं वाचला. त्यांनी एका शब्दालाही हात लावला नाही. नुसतं म्हणाल्या, "हे स्पर्धेला देते आहेस, विचार केलास ना?"

मला वाटलं, बक्षीस मिळेल का याची त्यांना काळजी आहे. परीक्षक नानासाहेब होते, आणि शाळेच्या जागेवर गाळे बांधायचा बेत त्यांचाच होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. पण निबंध म्हणजे निबंध, असं मला तेव्हा वाटायचं.

*

"वेळ घालवू नकोस," नानासाहेब आता मऊ आवाजात बोलत होते. "तुझ्यावर माझा राग नाही. पोर आहेस, कुणी भरीला घातलं, तू उतरवून काढलंस. लिहून कुणी दिला त्या माणसाचं नाव तेवढं कागदावर घाल. तुझं परीक्षेचं हॉल तिकीट मिळेल, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. शब्द देतो."

"आणि नाही लिहिलं तर?" मी विचारलं.

उत्तर ढोबळे सरांनी दिलं. ते माझ्याकडं न बघता बोलले. "तर मग गैरवर्तन म्हणून नोंद करावी लागेल. हॉल तिकीट अडकेल."

आप्पा दोन पावलं पुढं आले. "साहेब, लिहिती ती. मी सांगतो तिला." मग माझ्याकडं वळून, "रजे, दोन ओळींनं काय झिजतंय आपलं? दुकानाचा परवाना त्यांच्या हातात, तुझं हॉल तिकीट त्यांच्या हातात. कशाला वाकड्यात शिरायचं?"

मी मॅडमकडं पाहिलं. मला खात्री होती की आता त्या बोलतील. वर्षभराच्या माझ्या वह्या त्यांनी तपासल्या होत्या. मी कुठं अडते, कुठं घसरते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघतच म्हणाल्या, "लिहून टाक, रजनी. नाव मागतायत तर नाव लिही. त्यांना जे हवं असेल ते लिही. बारावीचं वर्ष आहे."

आप्पांचं मला वाईट वाटलं नव्हतं. ते घाबरलेत हे दिसत होतं आणि त्यांचं घाबरणं खरं होतं. पण मॅडमचं ते वाक्य ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. वर्षभर दुसऱ्यांना 'कशावरून' विचारणारी बाई, आणि आता तिच्यासमोर कुणी एक पुरावा न देता मला चोर म्हणतंय, तर हिला एक शब्द सुचत नाही.

मी पेन उचललं. नानासाहेब खुर्चीत मागं रेलले.

चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं. मध्ये ढोबळे सर म्हणाले, "पुरे की." मी मान वर केली नाही. लिहून झाल्यावर सही केली, तारीख घातली आणि कागद सरांच्या पुढं ठेवला.

"वाचा मोठ्यानं," नानासाहेब म्हणाले. "तिच्या वडलांनाही ऐकू दे."

ढोबळे सर चष्मा लावून वाचायला लागले.

"'हा निबंध मी स्वतः लिहिला आहे. त्याला तीन आधार देते. पहिला, निबंधात ज्या सात मुलींची नावे आहेत त्यांच्या घरी मी स्वतः गेले होते. पत्ते निबंधातच आहेत. कोण आले होते आणि काय विचारले, हे आजही तिथे जाऊन विचारता येईल. दुसरा, माझे वर्षभराचे परिच्छेद टिळेकर मॅडमच्या कपाटात आहेत. त्यांतली आणि निबंधातली मांडणी एकच आहे. तिसरा, माझी चूक. मी एक शब्द नेहमी ऱ्हस्व णु काढून लिहिते. निबंधातही तो सगळीकडे तसाच आहे. शिकलेल्या माणसाने लिहून दिला असता तर त्याने ही चूक केली नसती. मला ती ठाऊक आहे, तरी हात तसाच जातो.'"

सर थांबले. त्यांनी नानासाहेबांकडं पाहिलं.

"वाचा की," नानासाहेब म्हणाले, पण आता आवाज मऊ नव्हता.

"'यावर असे म्हणता येईल की उतरवून घेतानाही चूक होऊ शकते. ते खरे आहे. म्हणुन...'" सर अडखळले आणि पुढं गेले, "'...नुसत्या चुकीवर मी विसंबत नाही, मुलींच्या घरी जाऊन विचारा असे म्हणते. आणि असेही म्हटले जाते की जिचा बाप मटण विकतो तिला असे लिहिता येणार नाही. हे माझ्या वडिलांच्या धंद्याविषयीचे वाक्य आहे, माझ्या निबंधाविषयीचे नाही. धंदा हा आधार धरला तर गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मा. नानासाहेबांनी स्वतः...'"

सरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढून रुमालानं पुसायला लागले.

मग मॅडम खिडकीपासून हलल्या. टेबलापाशी आल्या, कागद उचलला आणि सर जिथं थांबले होते तिथून वाचायला लागल्या. वर्गात धडा वाचायच्या तशाच आवाजात.

"'...मा. नानासाहेबांनी स्वतः सांगितले होते की त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. ते भाषण फार चांगले झाले. ते कोणी लिहून दिले, असे त्यांना कोणीही विचारले नाही, आणि विचारू नये. आरोप ज्याने केला त्याने आधार द्यावा, नाहीतर आरोप मागे घ्यावा. म्हणुन मी माफी मागत नाही.'"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "णु ऱ्हस्वच आहे," त्या म्हणाल्या.

"हा उद्धटपणा आहे," नानासाहेब म्हणाले.

"उद्धट आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तिचाच आहे. वह्या आणू का कपाटातून?"

नानासाहेबांनी कागदाकडं हात केला. पण त्याआधी ढोबळे सरांनी तो उचलून फाइलीत ठेवला. सर भित्रे होते, पण नोंदीचे पक्के होते. "चौकशीत हे जोडावं लागेल, नानासाहेब," ते पडेल आवाजात म्हणाले. "मुलीनं लेखी दिलंय. नोंद केली तर शिक्षण खातं मागेल, मंडळ मागेल. आणि चौकशी करायची ठरवली तर त्या सात घरांकडंही जावं लागेल."

नानासाहेब उठले. दारात आप्पा उभे होते, ते बाजूला झाले. नानासाहेब त्यांच्याकडं न बघता निघून गेले.

*

आप्पा सायकल हातात धरून चालत होते, मी त्यांच्या मागं. दारात सायकल लावताना म्हणाले, "घाण्याचं काढायला नको होतं." आणि कपडे बदलून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीवर गेले. त्यांच्याकडून आणलेली दोन पुस्तकं परत करायची होती. खरं तर भांडायला गेले होते. त्या चहा करत होत्या. मी पुस्तकं कॉटवर ठेवली आणि उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला खोटं लिही म्हणालात."

"म्हणाले."

"तुम्हाला माहीत होतं मी लिहिलाय. तरी म्हणालात, नाव मागतायत तर नाव लिही. कुणाचं लिहिणार होते मी? मला कुणाचं नावसुद्धा सुचलं नसतं."

त्यांनी दोन कपांत चहा गाळला. एक माझ्यापुढं ठेवला.

"त्यांनी सुचवलं असतं," त्या म्हणाल्या. "तू पेन टेकवलं असतंस की सुचवलं असतं. तुझ्या घरात शिकलेलं कुणी नाही. मग तुला असं लिहायला या गावात कोण शिकवतं?"

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी कॉटवर बसले.

"आठ दिवस आधीच मला विचारलं होतं नानासाहेबांनी," मॅडम पुढं म्हणाल्या. "तुम्ही मुलांना पालिकेविरुद्ध लिहायला लावता का? मी म्हणाले, मी मुलांना लिहायला लावते. काय लिहायचं ते त्यांचं ते ठरवतात. तेव्हाच मला कळलं होतं की त्यांना माझ्याविरुद्ध एखादा कागद हवा आहे. विद्यार्थिनीच्या हातचा आणि सहीचा."

"आणि तुम्ही मला तो लिहून दे म्हणालात?"

"रजनी, मला दुसरीकडं नोकरी मिळाली असती. तुला यंदाची बारावी पुन्हा मिळाली नसती." त्यांनी कपाकडं पाहिलं. "मी हिशेब बरोबर केला होता. तू आधी मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात."

"तुझ्याकडं बघितलं असतं तर बोलता आलं नसतं मला."

मग चहा प्यायलो. त्यांनी मला पुस्तकं परत दिली, अजून वाचून झाली नसतील म्हणाल्या. मी निघाले तेव्हा दारात त्यांनी विचारलं, "पालिकेनं ठरावावर हरकती मागवल्यात, वाचलंस का? नगरपालिकेच्या फळ्यावर लावलंय. निबंधाला बक्षीस मिळणार नाही. पण निबंधच राहायला पाहिजे असं कुठं आहे?"

*

बक्षीस खरंच मिळालं नाही. त्या वर्षी पहिला क्रमांक कुणालाच न देण्याचं जाहीर झालं. माझं हॉल तिकीट आलं. मॅडमची नेमणूक एप्रिलात संपली आणि ती पुन्हा झाली नाही. त्या लातूरकडं एका कॉलेजात गेल्या. पुढं मी वर्तमानपत्रात कामाला लागले तेव्हा माझ्या पहिल्या बातमीचं कात्रण त्यांना पाठवलं होतं. ते परत आलं, समासात लाल शाईत दोन ठिकाणी त्यांचा तो शब्द लिहिलेला. दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

कन्या शाळा हलली नाही. ठराव आधी पुढं ढकलला, मग बारगळला. माझ्या हरकतीमुळंच असं मी म्हणणार नाही, तेवढा आधार माझ्याकडं नाही. पण हरकतींच्या सुनावणीचा दिवस सांगायचा राहिला आहे.

नगरपालिकेच्या सभागृहात मुख्याधिकारी बसले होते, शेजारी नानासाहेब. मॅडम शेवटच्या रांगेत होत्या. शाळेतल्या मुलींच्या आया आल्या होत्या, त्यांत माझी आईही होती, त्या सात जणींपैकी तिघी आल्या होत्या, एक कडेवर लेकरू घेऊन. मी निबंध छोटा करून त्याचीच हरकत केली होती. म्हणणं, आधार, पालिकेची बाजू, तिला उत्तर, मागणी. ती मी उभी राहून वाचली.

वाचून झाल्यावर नानासाहेब मुख्याधिकाऱ्यांकडं बघून म्हणाले, "ही मुलगी अठराची तरी आहे का? हरकत पालकाच्या सहीनं पाहिजे. आहे का कुणी पालक?"

मी आप्पांना येऊ नका म्हटलं होतं. परवान्याचं नूतनीकरण मार्चात होतं आणि ते माझ्याशी त्या दिवसापासून धड बोलले नव्हते. मी आईकडं वळले, तिला सही येत नव्हती, अंगठा चालेल का विचारणार होते.

"आहे," दारातून आवाज आला.

आप्पा दुकानातून तसेच आले होते. शर्ट रोजचाच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वाट काढत टेबलापाशी आले, तिथली एक खुर्ची ओढून घेतली आणि बसले. कारकुनानं कागद आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. नाव, पत्ता, धंदा, सही. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. सावकाश लिहीत गेले. धंद्यापाशी पेन थांबलं तसा कारकून वाकून म्हणाला, "व्यापार लिहा मालक. चालतं तसं."

"चालत असेल," आप्पा म्हणाले. "आमचा मटणाचा आहे."

आणि तेवढा एक शब्द त्यांनी बाकीच्यांपेक्षा मोठा काढला, खाली सही केली आणि मागं उभ्या असलेल्या बाईच्या हातात पेन दिलं.